सातवा रकाना

याव्होरित्सा, ९ फेब्रुवारी

एल्काताई,

सोबत एक कागद आहे. खाली डावीकडे तुझं नाव छापलंय. त्यावर सही करून परत पाठव. परतीचा लिफाफा आत घातला आहे. त्याला बल्गेरियाची तिकिटं लावून झाल्यावर लक्षात आलं की ती स्पेनमध्ये चालणार नाहीत. तेवढा भुर्दंड तू सोस.

कारण सांगते. मला आपलं वृत्तपत्र 'मंगळवार' पुन्हा काढायचं आहे. नोंदणीत पत्राचं नाव दोघी बहिणींचं आहे, अर्धं तुझं, अर्धं माझं, आणि स्तोइलोव्ह प्रतिष्ठान सहमालकाच्या संमतीशिवाय त्या नावाने अर्ज घेत नाही. स्तोइलोव्ह तुला आठवत असेल. गादीवाल्याचा मुलगा, व्हिएन्नाला जाऊन फ्रिजचे सुटे भाग विकून मोठा झालेला. दरवर्षी तो गावातल्या एका कलेच्या कामाला पैसे देतो आणि एका पत्रकारितेच्या. कलेचे पैसे नाचाचं मंडळ नेतं. पत्रकारितेचे गेली सात वर्षं कुणी मागितले नाहीत, कारण मागायला कुणी उरलं नाही. आपला 'मंगळवार' चालू होता तेव्हा आपण मागितले नाहीत. ज्याच्याबद्दल लिहावं लागेल त्याच्याकडून घेऊ नये, असं तू म्हणायचीस. आता तो एक्याऐंशी वर्षांचा आहे आणि लिहिण्यासारखं काही करत नाही.

प्रतिष्ठानाची कार्यवाह सेव्हेरिना म्हणाली, "यंदाही कुणी आलं नाही तर तो निधी बंद. सगळे पैसे नाचाला." नाचाशी माझं वैर नाही. पण नगरपालिकेत काय ठरतं ते नाचून सांगता येत नाही.

अर्जाची मुदत ३१ मार्च. निकाल २४ मेला, अक्षरांच्या सणाच्या दिवशी.

कामेन कसा आहे ते विचारत नाही. विचारण्याचा हक्क मला उरला नाही असं तू नऊ वर्षांपूर्वी कळवलं होतंस.

नेदा

२ मार्च

एल्काताई,

सही आली नाही. मी वाट बघितली नाही असं लिहिणार होते, पण पोस्टमन तुला ओळखतो, तो सांगेल.

तुझी सही आली नाही तर मी पत्राचं नाव 'बुधवार' ठेवीन. बुधवारवर तुझा हक्क नाही.

लिफाफ्यात मार्चचा लाल-पांढरा दोरा आहे. दोन आहेत. दुसरा कामेनला दे, कुणी पाठवला ते नाही सांगितलंस तरी चालेल. तुमच्याकडे झाडं लवकर फुलत असतील, मनगटावरचा सोडून फुललेल्या फांदीला बांधायला फार थांबावं लागणार नाही.

अर्ज नऊ रकान्यांचा आहे. आठ भरले. सातवा असा: 'तुमच्या कामात झालेली एक चूक आणि तिच्यातून काय शिकलात. शंभर ते दोनशे शब्द.' मी लिहिलं की एकदा आपण महापौरांच्या नावामागे डॉक्टर लावलं आणि ते निघाले गुरांचे. तेवीस शब्द झाले. मग लिहिलं की शाळेच्या सहलीच्या बातमीत चुकीचा डोंगर पडला. एकोणतीस. ह्या असल्या चुकांनी रकाना भरत नाही. कोरा ठेवलाय.

शिवाय मुलाखतीआधी एक नमुना अंक काढून लोकांपर्यंत पोचवायचा आहे. छापखाना गावात एकच राहिलाय, त्रेंदाफिलचा, आणि तो फक्त निधनपत्रकं छापतो. माणूस जाऊन चाळीस दिवस, सहा महिने, एक वर्ष, दहा वर्षं झाली की दर वेळी नवं. मी त्याच्याकडे गेले.

"धंदा कसा आहे?" मी विचारलं.

"गाव म्हातारं आहे. देवाची कृपा."

"लोक हल्ली काय वाचतात रे?"

"मला वाचतात. भिंतीवर लावलं की थांबतात, टोपी काढतात, शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. तुमचा 'मंगळवार' कुणी टोपी काढून वाचला होता?"

तिथेच मला सुचलं. पत्र घरोघर पाठवायचंच कशाला? एक पान छापायचं आणि भिंतींवर लावायचं. लोक तिथे थांबतातच.

"जिवंत माणसांच्या बातम्या छापशील?"

"छापीन. पण मेलेली गिऱ्हाइकं बरी, नेदा. फोटो बदलून द्या म्हणत नाहीत."

नेदा

२१ मार्च

एल्काताई,

काल मी स्तोइलोव्हला मारलं.

पहिल्यापासून सांगते. अंक एका पानाचा. वर मोठ्या अक्षरांत 'दहा वर्षं'. मध्ये संस्थापक स्तोइलोव्हचा फोटो. खाली, दहा वर्षांत प्रतिष्ठानाने कुणाला काय दिलं, त्यातून काय उभं राहिलं आणि काय नाही. ज्याच्यापुढे हात पसरायचा त्याचंच काम आधी तपासून दाखवावं, असा माझा विचार होता. तुला पटला असता. मजकूर आणि फोटो त्रेंदाफिलला पाठवला, आणि मला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून फोनवर म्हटलं, "नेहमीसारखंच कर. तीस प्रती."

त्याने नेहमीसारखंच केलं. तोच कागद, तीच अक्षरं, भोवती बोटभर जाडीची काळी चौकट. आणि सकाळी सायकलवर फिरून त्यानेच ते चिकटवले. बेकरीच्या दारावर, बसथांब्यावर, दवाखान्यासमोरच्या झाडावर. एक प्रतिष्ठानाच्या दारावर, कारण मृताच्या दारावर एक लागतोच.

मी नऊला पाव आणायला गेले. बेकरीपुढे दोघी उभ्या होत्या.

"गेला बिचारा."

"आता नाही गेला. दहा वर्षं झाली म्हणे."

"दहा वर्षं? आणि आपल्याला आज सांगतात?"

"श्रीमंतांचं असंच. वारसांचं मिटेपर्यंत तोंड उघडत नाहीत."

"मग गेल्या साली नाचाला पैसे कुणी दिले?"

"म्हणून तर म्हणते, माणूस चांगला होता."

मी पाव न घेता प्रतिष्ठानात धावले. सेव्हेरिनाच्या टेबलावर, खिडकीत, खुर्च्यांवर फुलंच फुलं. ती मोजत होती.

"चार," ती म्हणाली. "सहा. परत चार. ही दहा महापौरांची. नऊ वर्षं मी इथे काम करते. महिला दिनाला मला कुणी एक फूल दिलं नाही, आणि आज बघ, सगळी जोडीजोडीने. जिवंताला विषम देतात, ही सगळी मेलेल्याची."

पाद्री येऊन वेळ विचारून गेला होता. कुणीतरी मयताला वाटतात त्या साखर घालून उकडलेल्या गव्हाचं पातेलं ठेवून गेलं होतं.

"खा," सेव्हेरिना म्हणाली. "तुझ्याच अर्जाचे आहेत."

मी खाल्ले. चांगले झाले होते, अक्रोड सढळ होते.

तेवढ्यात व्हिएन्नाहून खुद्द त्याचाच फोन आला. स्तोइलोव्हच्या चुलतबहिणीने त्याच्या बायकोचं सांत्वन करायला फोन लावला होता, तो त्यानेच उचलला. "कोण बोलतंय?" तिने विचारलं. "मी," तो म्हणाला. तिने फोन ठेवून दिला आणि अजून उचलत नाही. सेव्हेरिना उभी राहून बोलत होती. "हो साहेब. नाही साहेब. नेदा काराजोव्हा. हो, लिहून घ्या."

तिथून मी छापखान्यात.

"चौकट कशाला घातलीस?"

"मी घालत नाही. ती असतेच."

"जिवंत माणसाला?"

"जिवंत आहे असं तू म्हणालीस का?"

ताई, कालपासून मी हसतेय. भांडी घासताना, जिना चढताना. मध्येच आठवतं की अर्ज बुडाला, तेवढं थांबते, मग पुन्हा हसू येतं. पण एक झालं. तो मेला नाही हे कळल्यावर लोक पुन्हा भिंतींकडे गेले, मग तिथे लिहिलंय तरी काय ते बघायला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाने पान शेवटपर्यंत वाचलं होतं. बसथांब्यावरच्या प्रतीवर कुणीतरी पेनने लिहिलंय: 'वाचनालयाचं छप्पर अजून गळतं.' मी छप्पर दुरुस्त झालं असं छापलं होतं. प्रतिष्ठानाच्या कागदात तसं होतं. वर चढून बघितलं नव्हतं.

आज चढले. गळतं.

नेदा

३० मार्च

एल्काताई,

अर्ज दिला. नाव 'बुधवार'.

सातवा रकाना भरला. काळी चौकट. एकशे बासष्ट शब्द, एका बैठकीत. काय शिकले: छापण्याआधी पान बघावं. सेव्हेरिना वाचून हसली, आणि तिला अजून फुलदाण्या परत करायच्या आहेत.

रकाना चांगला भरला आहे. कुणाचं काही दुखत नाही त्याने.

नेदा

१९ एप्रिल

एल्काताई,

काल मुलाखत झाली. स्तोइलोव्ह स्वतः आला होता. बारीक माणूस, कोट खांद्यावर मोठा होतो. त्याच्या एका बाजूला सोफियाहून आलेली नाटकवाली, दुसऱ्या बाजूला हाजीएवा बाई. हो, आपल्या भूगोलाच्या. अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, काठी टेबलावर आडवी ठेवतात.

स्तोइलोव्ह म्हणाला, "गावात शिरताना तीन माणसांनी छातीवर क्रूस काढला."

"माफ करा," मी म्हटलं.

"कशाला? मी मेल्यावर कोण येईल ह्याची मला काळजी होती. आता यादी आहे माझ्याकडे. कोण आलं नाही त्याचीही."

त्याने सातवा रकाना मोठ्याने वाचला. नाटकवाली डोळे पुसायला लागली. सेव्हेरिना दारात उभी राहून हसत होती. तो म्हणाला, दहा वर्षं मी दरवर्षी ह्या गावाला अहवाल पाठवतो, पहिल्यांदा कुणीतरी वाचला. आणि छप्पर पुन्हा करायला सांगितलंय. मला वाटलं, झालं. मिळाले.

हाजीएवा बाई हसल्या नाहीत.

"ही चूक त्रेंदाफिलची आहे," त्या म्हणाल्या. "निम्मी तरी. तुझी सांग."

"हीच, बाई."

"नेदा. तू चौथीत नकाशा बहिणीकडून काढून आणायचीस आणि तेव्हाही असंच माझ्या चष्म्याकडे बघायचीस. डोळ्यांकडे नाही."

मी सांगितलं. तुला आहे तसं लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी गावच्या पाण्याच्या तपासणीचे कागद माझ्या हाती आले. तपासणी झाली नसताना झाली अशी सही होती. सही माझ्या मेहुण्याची, कामेनची होती. मुलं आजारी पडली होती. बातमी खरी होती आणि यायलाच हवी होती.

"मग चूक कुठे?" बाईंनी विचारलं.

रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. बातमी लिहून झाली होती, पिशवीत होती, पिशवी खुर्चीला अडकवली होती. कामेनने माझ्या ताटात मासा वाढला, शेपटीकडचा, मला आवडतो तो. मी त्याला विचारलं नाही की तू सही का केलीस. विचारलं असतं तर त्याने काहीतरी सांगितलं असतं, आणि मग ते छापावं लागलं असतं. आमच्या पत्राचं प्रत्येक पान माझी बहीण वाचायची, तिची खूण झाल्याशिवाय यंत्र चालू होत नव्हतं. ते एक पान मी तिला दाखवलं नाही. मीच छापखान्यात नेऊन दिलं.

"ती थांबवेल म्हणून भ्यालीस?"

"नाही. ती म्हणाली असती, त्याला विचार. आणि तिचं बरोबर होतं."

बाई म्हणाल्या, "बस." मी उभी होते हे मला तेव्हा कळलं.

मग स्तोइलोव्हने विचारलं, "आणि उद्या माझ्याविरुद्ध लिहायची वेळ आली तर?"

"आधी तुम्हाला विचारीन. मग लिहीन."

"सुधारणा आहे. मागच्या वेळी न विचारता मारलंत."

निकाल काय लागेल माहीत नाही. सेव्हेरिनाचा चेहरा उतरला होता. तिच्या मते मी जिंकलेला डाव घालवला. मी बाहेर आले आणि समोरच्या दुकानात चीज घातलेली गरम बानित्सा खाल्ली, एक नाही, दोन, उभ्याने, वर दही. इतकी भूक मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

ताई, हे नऊ वर्षांत तुला लिहिलं नाही. तिघांसमोर बोलले आणि त्यानंतर तुला लिहितेय. आधी तुला सांगायला हवं होतं. आता निदान लिहितेय.

सहीचा कागद फेकून दिलास तरी चालेल. अर्ज 'बुधवार'च्या नावाने गेलाय.

नेदा

२५ मे

एल्काताई,

तुझा लिफाफा परवा आला. पोस्टमनने तो पेटीत टाकला नाही, वर आणून हातात दिला आणि मी उघडेपर्यंत हलला नाही. मी त्याला पाणी दिलं. पाणी पिऊनही हलला नाही. शेवटी त्याच्यासमोरच उघडला.

सही पाहिली. तीन महिन्यांपूर्वीच्या कागदावर ह्याच महिन्याची तारीख घातलीस.

बाकीची चार पानं तो गेल्यावर वाचली. दोनदा. त्यांच्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन, आत्ता मला नीट लिहिता येणार नाही.

काल निकाल लागला. चौकात नेहमीसारखी मिरवणूक, मुलांच्या डोक्यांवर फुलांची कडी, बँडवाले अर्धा सूर वर. आधी कलेचा: नाचाचं मंडळ. ते न ऐकताच टाळ्या वाजवत होते. मग स्तोइलोव्ह मंचावर चढला. त्याला बघून मागून कुणीतरी म्हणालं, "बघ, बरा दिसतो." त्याने कागद न बघता सांगितलं, "पत्रकारितेचा निधी, एक वर्षासाठी, नेदा काराजोव्हा, पत्राचं नाव 'बुधवार'."

ताई, मला वाटलं होतं मी शांत उभी राहीन. मी त्रेंदाफिलला मिठी मारली. त्याच्या कोटाला डिंकाचा वास येतो, माझे केस चिकटले. हाजीएवा बाईंनी काठी वर करून मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "दोन मतं तुझ्या बाजूने होती, एक विरुद्ध. कुणाचं विरुद्ध ते विचारू नकोस." मी विचारलं नाही. विरुद्ध मत त्यांचंच असावं. त्यांनी नंतर माझ्या गालावर ओठ टेकले, तेही तोंडी परीक्षेसारखे, पटकन.

नाव बदलता येईल का, असं मी सेव्हेरिनाला विचारलं, म्हटलं बहिणीची सही आली आहे.

"करार छापून झाला. आता तू बुधवार."

बेकरीवाली ऐकत होती. "मंगळवारचं बुधवारी आलं," ती म्हणाली. "सात वर्षं आलं नव्हतं, त्यात आणखी एक दिवस."

मग नाच सुरू झाला. पैसे त्यांनाही मिळाले होते, मलाही, त्यामुळे एकमेकांबद्दल वाईट बोलायला काही उरलं नव्हतं. त्यांनी मला साखळीत ओढलं. पाच पावलं पुढे, तीन मागे. माझी पुढची बरोबर पडत होती. सेव्हेरिना माझ्या डाव्या हाताला होती, स्तोइलोव्ह तिच्या पलीकडे. पाद्री शेजारून जाताना म्हणाला, "साहेब, तुमचं नाव प्रार्थनेच्या वहीत चुकून मृतांच्या पानावर लिहिलंय. खोडू का राहू दे?" तो म्हणाला, "राहू दे. लागेलच."

आज पाय दुखतायत. तुला हे सगळं सांगायला दुसरं कुणी नाही असं नाही. पण तुलाच सांगावंसं वाटलं.

नेदा

१२ जून

एल्काताई,

सोबत पान आहे. पहिल्या अंकाचं पहिलं.

तुझी चार पानं घेतली, पूर्ण. मथळा तू दिलास तोच: 'उत्तर'. खाली तुझं नाव आणि कामेनचं. त्या दिवशी वरून हुकूम आला होता, पाण्याचे नमुने न्यायला गाडी नव्हती, त्याने चौदा कागदांवर सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या दुचाकीवरून नमुने घेऊन गेला, हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला त्या रविवारी एक प्रश्न विचारावा लागला असता. आता नगरपालिकेत जाऊन त्या आठवड्याची नोंदवही मागितली. दिली नाही. तीन वेळा गेले, तिसऱ्या वेळी दिली. नमुने जमा झाल्याची नोंद आहे, दुसऱ्या दिवसाची, कामेनच्या नावाची. तेवढं मी शेवटी वेगळ्या चौकोनात दिलंय, माझ्या नावाने. सही खोटी होती हेही त्यात आहे. ते काढता येणार नाही. तूही काढलं नसतंस.

माझ्याबद्दलचे दोन परिच्छेद तसेच आहेत. तू लिहिलंयस, 'त्या रविवारी कामेन सगळं स्वतःहून सांगणार होते. पाहुणी जेवून होईपर्यंत थांबले.' पाहुणी हा शब्द मी तीन दिवस बघत होते. तसाच ठेवलाय.

मजकूर लांबला म्हणून महापौरांच्या शुभेच्छा काढाव्या लागल्या. त्यांचा माणूस येऊन गेला. त्याला म्हटलं, जागा नाही, पहिल्या पानावर पाणी आहे.

गावात सगळे विचारतायत. बेकरीवालीने दाराचा वरचा अर्धा भाग अंकासाठी मोकळा ठेवलाय, तिथे मागच्या आठवड्यात एका खऱ्या निधनपत्रकालाही चिकटू दिलं नाही. बसथांब्यावर कुणीतरी पेन दोऱ्याने बांधून ठेवलंय. त्रेंदाफिलने चौकट काढायला सोफियाहून माणूस बोलावला, कारण ती कशी काढायची ते त्यालाच ठाऊक नव्हतं. यंत्रात कागद भरून तयार आहे. काल त्याने दोनदा विचारलं.

"छापू?"

"पान आधी ताईकडे सारागोसाला जायचंय."

"पोस्टाला दहा दिवस लागतात. फोटो काढ, फोनवर पाठव, पाच मिनिटांत वाचून होईल."

"नंबर नाही माझ्याकडे."

त्याने यंत्राचं बटण बंद केलं आणि त्यावर चादर घातली. "मग निघेल तेव्हा निघेल," तो म्हणाला. "माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही घाई नसते."

तर ह्या बुधवारी अंक निघणार नाही. पुढच्याही नाही. सेव्हेरिनाला कळवलंय, तिने करारात तारीख पुढे ढकलली.

समासात जागा सोडली आहे. आधी तू वाच, मग कामेनला वाचून दाखव. जे खटकेल तिथे लिही, आणि खटकलं नाही तर खाली तुझी खूण कर.

मी थांबते.

नेदा